दारापेक्षा मोठा रांजण

अमिरातीतल्या दिब्बा गावामागच्या डोंगरात, ओमानच्या हद्दीला लागून, डोंगरी लोकांची जुनी दगडी घरं आहेत. निम्मी जमिनीत गाडलेली, भिंती हातभर जाड, आणि दार इतकं बुटकं की रांगतच आत जावं लागतं. उन्हाळ्यात माणसं खजुराच्या हंगामाला खाली किनाऱ्यावर जायची, तेव्हा धान्य या घरांत कुलूपबंद असायचं. रांजण आधी ठेवायचे आणि भिंती मग बांधायच्या. लुटारूंनी दार फोडलं तरी रांजण काही बाहेर निघत नसे.

त्यातल्या एका घराचं छत कललं होतं. दुरुस्तीचं काम आमच्या कंपनीकडे आलं. मोजमाप सगळं मी केलं, गुडघे सोलवटून. साहेब एकदाही वर आले नाहीत. फुजैरा शहरातल्या मीटिंगमध्ये मात्र त्यांनी माझी ड्रॉइंग्ज स्वतःची म्हणून दाखवली आणि मला म्हणाले, "मॅडम, चहाचं बघता का जरा?" मी चहाचं बघितलं. त्या दिवसापासून मी डूख धरला.

तोच चहा पीत त्यांनी म्युझियमच्या पाहुण्यांना शब्द दिला, की घरातला मोठा रांजण पुढच्या गुरुवारी तुमच्याकडे पोचवू. मला हसू आवरेना. मी एक वाक्य बोलले असते तर त्यांची लाज राहिली असती. नाही बोलले. उलट ट्रक मीच बुक केला, गुंडाळायला फोमही मागवला.

गुरुवारी सगळे जमले. पाहुणे, फोटोवाला, घराचे म्हातारे अरब मालक. साहेबांनी वाकून आत टॉर्च मारला आणि तसेच राहिले.

मालकांनी हिंदीत विचारलं, "निकलेगा कैसे? आपने तो नापा है ना?"

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, यू एक्सप्लेन."

"मेजरमेंट तो सर ने खुद किया है," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

त्यांचा चेहरा खाडकन उतरला. काय सांगू, जीव थंड झाला माझा!

"नो प्रॉब्लेम," ते घाईघाईनं म्हणाले, "दो-चार पत्थर निकालेंगे, बाद में लगा देंगे."

मालकांनी दार ओढलं, कुलूप घातलं. "खलास. अब कोई अंदर नहीं जाएगा." हे म्हणताना ते माझ्याकडेही बघत होते.

काम रद्द झालं. त्या घरावर माझा जीव जडला होता. यंदाच्या पावसात छत कोसळलं असं कळलं, तेव्हा मी रडले. पण ती मीटिंग उद्या परत झाली, तरी मी तोंड उघडणार नाही.