तात्या काळेल आणि दोन नंबर

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस, सूर्य मावळण्याच्या थोडे आधी, मिरज तालुक्यातल्या एका वीज उपकेंद्रात रामहरी काळेल, म्हणजे आमचे तात्या, यांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. ते तिथे वरिष्ठ तंत्रज्ञ होते. बंद असलेल्या ट्रान्सफॉर्मरवर चढून ते तेलाची गळती पुसत होते. ट्रान्सफॉर्मर आपोआप चालू झाला. बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली.

उपकेंद्राची मागची भिंत आणि आमच्या घराची भिंत यांच्यामध्ये एक पायवाट आहे. मी या घरात राहायला आलो, त्याच आठवड्यात तात्या दारात उभे राहिले. डोक्याला लोकरी टोपी, हातात पिशवी. नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. आत डोकावून म्हणाले, "पंखं दोन दिसत्यात. फ्रीज हाय?"

"आहे."

"पाणी तापवायला काय?"

"गॅस."

"मग ठीक हाय. बसा निवांत."

माणसांना ते असेच ओळखत. गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी होती. तिचा मालक त्यांच्या लेखी 'साडेसात' होता, कारण गिरणीची मोटर साडेसात हॉर्सपॉवरची होती. लग्नाचा मांडव पडला की आहेर द्यायच्या आधी ते मांडववाल्याला गाठून दिवे मोजत. नवरदेवाच्या बापाला एकदा त्यांनी सगळ्यांसमोर विचारले होते, "पोराचं लगीन हाय का कारखान्याचा गळीत हंगाम?" लोक हसले. तात्या हसले नाहीत. त्या माणसाने निम्म्या माळा उतरवल्या.

ते माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडचे. घरची मेंढरे होती. बायको हौसाबाई गावी, मुलगा मुंबईत. तात्या उपकेंद्राच्या आवारातल्या खोलीत एकटे राहत आणि दोन महिन्यांतून एकदा गावी जात. गावाविषयी ते स्वतःहून एकच गोष्ट सांगत. त्यांच्या गावच्या उपकेंद्रात एकच ट्रान्सफॉर्मर होता. एका मे महिन्यात भार पेलेना म्हणून तो जळाला. बदली ट्रान्सफॉर्मर यायला फार दिवस लागले. ज्या विहिरीवर टँकर भरत, तिची मोटर बंद पडली. माणसांना पाणी कमी पडत असताना मेंढरांना कोण देणार? कळप फलटणकडे हलवला. "गेली तवा कळप व्हता," तात्या सांगत, "आली तवा उरल्यालं आलं." एवढे सांगून ते थांबत. पुढे विचारले तर लोड किती आहे ते बघायला निघून जात.

आमच्या इथल्या उपकेंद्रात दोन ट्रान्सफॉर्मर आहेत. एक नंबर कायम चालू असतो. द्राक्षबागांच्या आणि उसाच्या मोटारींना थ्री-फेज वीज सुटली की एकट्याला भार झेपत नाही, तेव्हा दोन नंबर जोडावा लागतो. मोटारी बंद झाल्या की दोन नंबरचे काम उरत नाही. पण तो तसाच जोडलेला ठेवला तर भार नसतानाही वीज खातो. मी एकदा याचे कारण विचारले. तात्या म्हणाले, "काम न्हाई म्हणून गड्याला भाकरी देत न्हाई का तुमी? उभा हाय म्हणजे खाणारच." पूर्वी यंत्रचालक भाराचा काटा बघून दोन नंबर हाताने जोडत आणि काढत. कधी उशीर होई. कधी काढायचे राहून जाई.

दोन वर्षांपूर्वी नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर एक पेटी बसवण्यात आली. भार ठरावीक मर्यादेच्या वर गेला की ती स्वतः दोन नंबर जोडते. भार उतरून काही वेळ खालीच राहिला की स्वतः काढते. पेटीवर एक फिरवायचा खटका आहे. एका बाजूला 'ऑटो', दुसऱ्या बाजूला 'मॅन्युअल'. मॅन्युअलवर टाकले की पेटी काही करत नाही.

यंत्रचालकांना ती नको होती. तात्यांना हवी होती. बसवायला आलेल्या अभियंत्याने सहज सांगितले होते की इथली चाचणी नीट पार पडली तर पुढच्या यादीत माणमधले एक उपकेंद्र आहे. तिथे पेटीबरोबर दुसरा ट्रान्सफॉर्मरही मिळेल. कोणते उपकेंद्र, ते तात्यांनी दोनदा विचारून घेतले. ते त्यांच्याच गावचे होते.

त्या दिवसापासून त्यांचे बोलणे बदलले. संध्याकाळी ते आमच्या कट्ट्यावर येऊन बसत. भिंतीपलीकडे दोन नंबरची घरघर थांबली की बोट वर करत. "निजला." पहाटे मोटारी सुरू झाल्या की तो पुन्हा चालू होई. "बगा, कुणी हाक मारली न्हाई. आपला आपण उठला." गावी फोन करून हौसाबाईंनाही ते हेच सांगत. एकदा फोन त्यांनी मोठ्या आवाजावर ठेवला होता. पलीकडून हौसाबाई म्हणाल्या, "आवं, तो उठतोय का निजतोय हे मला काय सांगताय? तुमी जेवलाय का?"

चाचणी कशी चालली आहे, हे वरचे कार्यालय एका गोष्टीवरून बघत असे. पेटी किती काळ ऑटोवर राहिली. खटका मॅन्युअलवर गेला की त्याची नोंद आपोआप वर जाई आणि कारण विचारले जाई. सुरुवातीच्या महिन्यांत यंत्रचालक सवयीने खटका फिरवत. अभियंता आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ती ऑटोवर राहिली, तरच ती चालते असं मला वर सांगता येईल. नाहीतर पेटी काढून नेतील." त्याचा आवाज चढलेला नव्हता. तात्या मान हलवत होते.

इथे संगीता कांबळेविषयी सांगायला हवे. ती यंत्रचालक आहे. नोकरीला लागली तेव्हा तिला ट्रान्सफॉर्मरचे यार्ड तात्यांनी दाखवले. परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, काढल्याशिवाय आत हात लावायचा नाही. आधी दोन्ही बाजूंचे वीज तोडणारे खटके उघडायचे, मग अर्थिंगचा दांडा लावायचा, म्हणजे कुठून वीज आलीच तरी ती जमिनीत जाईल. मग काम चालू असल्याचा फलक अडकवायचा. मगच चढायचे. संगीताला हा क्रम त्यांनी तोंडपाठ करायला लावला होता. चुकली की म्हणत, "संगे, तुझ्या आईला मी काय सांगू?"

दोन नंबरच्या माथ्यावर, जिथून तारा आत जातात तिथे, तेल पाझरत होते. पाझर थोडा होता. पक्की दुरुस्ती करायची तर दोन नंबर काही दिवस सेवेतून काढावा लागला असता, म्हणजे पेटीही बंद. तात्यांनी दुसरी वाट काढली. संध्याकाळी शेतीची वीज बंद होते. घरांतले दिवे, टीव्ही लागायला अजून अवकाश असतो. तेवढ्या वेळात दोन नंबर आपोआप निघालेला असे. तात्या तेव्हा शिडी लावून चढत, तेल पुसत, बोल्ट थोडा आवळत आणि उतरत. परमिट नाही, अर्थिंग नाही, खटका ऑटोवर. परमिट काढले तर खटका मॅन्युअलवर टाकावा लागणार आणि ते वर कळणार.

त्यांना एकदा शिडीवर बघून संगीताने आत जाऊन खटका फिरवला. तात्या उतरले ते थेट नियंत्रण कक्षात. मी दारात उभा होतो. उपकेंद्राच्या कुंपणाबाहेरच्या झाडांवर चढलेला वेल कुणाचा, यावरून गल्लीत वाद होता आणि त्याची चौकशी करायला गेलो होतो.

"कुणी सांगितलं तुला फिरवायला?"

"तात्या, तुमीच शिकवलंय. आत माणूस आसला की मॅन्युअल."

"ते मोठ्या कामाला गं. फडकं मारायला परमिट काढतीस व्हय?"

"फडकं मारणारा माणूस न्हाई का?"

"मला दिसतंय काटा कुठं हाय ते. या वक्ताला वर जात न्हाई त्यो. कवा गेलाय का? सांग, कवा गेलाय?"

"न्हाई गेला."

"मग!"

संगीता म्हणाली, "आवं, पण पेटीला तुमी दिसत न्हाईसा."

तात्यांनी खटका परत ऑटोवर टाकला आणि बाहेर पडले. दारात मला म्हणाले, "पत्रकार, हे छापू नका हं. पोरगी चांगली हाय, नुसती भित्री हाय." त्यानंतर त्यांनी चढण्याआधी संगीताला सांगणे बंद केले. नियंत्रण कक्षाच्या खिडकीतून दोन नंबरची पुढची बाजू दिसते, मागची दिसत नाही. शिडी ते मागे लावत.

त्या दिवशी शेतीची वीज नेहमीच्या वेळी बंद झाली. भिंतीपलीकडची दोन नंबरची घरघर थांबली. थोड्या वेळाने शेजारच्या उपकेंद्रात बिघाड झाला. तिथला गावठाणाचा भार काही काळ इकडे घ्यावा, असा फोन आला. हे नेहमीचे आहे. महिन्यातून एखाद्या वेळी होते. संगीता ड्युटीवर होती. तिने भार घेतला. काटा वर चढला, मर्यादा ओलांडली. पेटीने दोन नंबर जोडला.

आमच्या घरातले पंखे एकदा मंदावले आणि पुन्हा नीट फिरू लागले. मी बाहेर आलो तेव्हा पायवाटेवर साडेसातही उभा होता. आम्ही फाटकातून आत गेलो. संगीता यार्डाच्या तोंडाशी होती. "पुढं येऊ नका," ती ओरडली. "कुणी पुढं येऊ नका." दोन नंबर संरक्षक यंत्रणेने लगेच तोडला होता, पण तेवढ्यावर तिने भरवसा ठेवला नाही. खटका मॅन्युअलवर टाकला. दोन्ही बाजू उघडल्या. अर्थिंगचा दांडा लावला. फलक अडकवला. तात्या शिडीच्या पायथ्याशी पडले होते आणि ती क्रमाने एकेक काम करत होती. शेवटी म्हणाली, "आता या."

टोपी डोक्यावरच होती. आम्ही त्यांना गिरणीच्या टेम्पोतून मिरजेला नेले. डॉक्टरांनी तपासून मृत घोषित केले. हौसाबाईंना फोन कुणी करायचा, हे ठरेना. संगीताने केला. काय झाले ते तिने सगळे सांगितले. मग हौसाबाईंनी विचारले, "त्यांनी सांगितलं नव्हतं का कुणाला, चढतोय म्हणून?"

"न्हाई, काकू."

अंत्यविधी गावी झाला. मुलगा मुंबईहून आला. त्याने वडिलांची खोली रिकामी केली: एक ट्रंक, दोन घोंगडी, स्टोव्ह. जाताना त्याने मला विचारले, मशीन खराब होते का. मी सांगितले, खराब नव्हते. तो म्हणाला, "मग कोणाला धरायचं?"

चौकशी झाली. निष्कर्ष असा: स्वयंचलित यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालली, मृत कर्मचाऱ्याने परमिट घेतले नव्हते, ड्युटीवरील यंत्रचालकाला यार्डात माणूस असल्याची कल्पना नव्हती. खटका ऑटोवर ठेवण्याविषयी वरून काय सांगितले गेले होते, याचा त्यात उल्लेख नाही. अभियंत्याला मी विचारले. तो म्हणाला, "ऑटोवर ठेवा म्हणालो. माणूस आत असताना ठेवा म्हणालो नाही." हे खरे आहे. मी तिथे होतो.

संगीताला चौकशीत दोनदा बोलावले. भार घेण्याआधी यार्डात फिरून का पाहिले नाही, असे विचारले गेले. तसा नियम नाही, असे तिने सांगितले आणि तेही मान्य झाले. बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली.

"नुसतं म्हणाले आसते, संगे, आत जातोय," ती म्हणाली. "एवढंच. मी खटका फिरवला आसता."

मग उठता उठता म्हणाली, "म्हणूनच म्हणाले न्हाईत."

पावसाळ्यानंतर चाचणी यशस्वी ठरल्याचे पत्र आले. आता यार्डाच्या फाटकाला कुलूप आहे आणि ते उघडायचे तर खटका आधी मॅन्युअलवर टाकावा लागतो. संगीताने बदली मागितली. ती मिळाली नाही. ती अजून त्याच उपकेंद्रात, त्याच कक्षात काम करते.

यंदा फेब्रुवारीत माणमधल्या त्या गावच्या उपकेंद्रात दुसरा ट्रान्सफॉर्मर उभा राहिला. मी गेलो होतो. नारळ फोडला, पेढे वाटले, कुणीतरी दोन शब्द बोलले. तात्यांचे नाव निघाले नाही. तिथल्या लोकांना यादीची गोष्ट ठाऊक नव्हती. हौसाबाई कुंपणाबाहेर उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "ह्योच का त्यो?"

"तो नाही, वहिनी. तसाच दुसरा आहे."

"आन् ह्योबी आपला आपण उठतोय?"

मी आत जाऊन पाहून आलो. पेटी भिंतीवर बसवलेली आहे. खटका मॅन्युअलवर आहे; चाचणी संपली, आता वरून कुणी कारण विचारत नाही. तिथले यंत्रचालक दोन नंबर हाताने जोडतात आणि हाताने काढतात.