वाळ्याच्या ताट्या आणि सकाळची पाळी

अकोल्याच्या आमच्या कचेरीत कार्डांना भोकं पाडायची यंत्रं आली तेव्हा एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. मॅट्रिक होऊन, टायपिंगची परीक्षा देऊन मी नुकतीच नोकरीला लागले होते. वडील तेलाच्या गिरणीत होते; घरात सरकारी पगार आणणारी मी पहिलीच. कचेरीचं काम पिकांच्या आकडेवारीचं. कुठल्या गावात काय पेरलं, किती पिकलं, याचे तक्ते येत आणि आम्ही मुली ते आकडे जाड कार्डांवर भोकं पाडून उतरवत असू. मग कार्डं मुंबईला जात. खरा कॉम्प्युटर तिथं होता. आमच्यापैकी कुणीच तो पाहिला नव्हता.

शिकवायला मुंबईहून एक साहेब आले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं : यंत्र, यंत्राला द्यायच्या सूचना, कार्डांवरची माहिती, कामाची ठरलेली पद्धत, माणसं. म्हणाले, "नुसत्या यंत्राला काही कळत नाही. ही पाचही नीट असली तरच उत्तर नीट येतं."

मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "साहेब, माणसं शेवटी काहून?"

साहेब हसले. "फळ्यावर तेवढीच जागा उरली होती."

ती मुलगी मूर्तिजापूरची, माळ्यांच्या घरातली. रोज पॅसेंजरनं यायची. आम्हा दोघींची जोडी लावली. मी भोकं पाडायची आणि तिनं तेच आकडे दुसऱ्या यंत्रावर पुन्हा मारून ताडून पाहायचे. आकडा जुळला नाही की तिच्या यंत्रावर लाल दिवा लागे. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणे, "झाली वाटते चूक!" मला मेल्याहून मेल्यासारखं होई. घरी येऊन आईपाशी कुरकूर केली, तर आई म्हणाली, "चूक तुही हाये का नाही? मंग तिच्यावर काहून चिडतं?"

एक दिवस दिवा लागला आणि ती काही बोललीच नाही. जरा वेळानं माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "ते माह्यावालं बोट चुकलं होतं. कार्ड तुहं बरोबर हाये." तिथून आमचं जमलं. पण डबा खाताना ती थोडी बाजूला बसे. आम्ही बौद्ध आहोत हे तिला माहीत होतं.

मग उन्हाळा आला. अकोल्याचा उन्हाळा! कचेरीच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागल्या, शिपाई दिवसभर त्यांच्यावर पाणी मारू लागला. खोली गार झाली, वासानं भरून गेली, आणि कार्डं क्रमानं लावणारं यंत्र अडकायला लागलं. कार्ड आत जाई ते चुरगळूनच बाहेर येई. साहेबांनी यंत्र उघडून पाहिलं, तेल दिलं, तरी तेच. शेवटी त्यांनी एक कार्ड बंद कपाटातून काढलं, एक खिडकीजवळच्या टेबलावरून उचललं आणि दोन्ही उजेडात धरली. खिडकीजवळचं ओल पिऊन फुगलं होतं.

ताट्या उतरल्या. त्याबरोबर दुपारी खोलीत बसणंच अशक्य झालं. घामेजल्या हातांनी कार्डं आणखी खराब होऊ लागली. तेव्हा साहेबांनी उजाडताच सुरू होणारी सकाळची पाळी लावली. सगळ्यांना बरं वाटलं, अडचण झाली ती एकट्या मूर्तिजापूरवालीची. तिची पॅसेंजर येईपर्यंत अर्धी पाळी उलटून जाणार होती. साहेबांनी तिच्यासाठी वेगळी वेळ मिळावी म्हणून वरिष्ठांना विचारून पाहिलं, पण जमलं नाही. "अकोल्यात कुठे राहायची सोय होते का पाहा," ते तिला म्हणाले.

"आमच्या घरी राहा," मी बोलून गेले. मग माझी मीच दचकले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाबाले विचारते," म्हणाली.

रविवारी तिचे वडील तिला घेऊन आले. वळकटी, स्टोव्ह, पिठाची पिशवी. आईनं पाणी पुढं केलं. त्यांनी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहिलं. "आताच ठेसनावर पेलो," म्हणाले. आईनं पेला परत नेला. निघताना ते दारात थांबले. "उन्हायाभरच. पोरीची नोकरी हाये, म्हून."

"आमचीबी पोरगीच हाये," आई म्हणाली.

पहिले काही दिवस तिनं कोपऱ्यात आपला स्टोव्ह पेटवला. एका दुपारी पाळीहून दमून आलो आणि स्टोव्ह काही केल्या पेटेना. ती पंप मारमारून रडकुंडीला आली. आईनं तिच्यापुढं ताट सरकवलं : ज्वारीची भाकर, वरण. तिनं स्टोव्ह बाजूला सारला. मग ताट जवळ ओढून म्हणाली, "मावशी, ठेचा हाये का?" दुसऱ्या दिवसापासून स्टोव्ह खाटेखाली गेला.

उन्हाळा सरला, कचेरीची वेळ पूर्ववत झाली, पण ती राहिली ती राहिलीच. तिचे वडील येताना वांगी, कधी शेवंती आणत. आधी दारातूनच परतत, नंतर ओट्यावर बसू लागले. आमच्याकडे पहिला चहा त्यांनी कधी घेतला, ते मला आठवतही नाही.

मुंबईहून कॉम्प्युटरनं छापलेले आकड्यांचे लांबरुंद कागद आले तेव्हा आम्ही दोघींनी मूर्तिजापूर तालुक्याची ओळ शोधून काढली. "यात आमचं वावरबी हाये," ती म्हणाली आणि त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली.

पुढच्या वर्षी कॉम्प्युटरचं शिक्षण घ्यायला मुंबईला दोन मुलींना पाठवायचं ठरलं. साहेबांनी आमचीच नावं दिली. माझा जीव सुपाएवढा झाला, पण माझे वडीलच अडले. इतक्या लांब, परक्या शहरात, तरणी पोर. दोन दिवस त्यांनी मुंबईचा विषयच निघू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले आणि माझ्या वडिलांशेजारी ओट्यावर बसले.

"मी तं माह्या पोरीले धाडून राहिलो," ते म्हणाले. "पण एकटी नाही धाडत. तुमची संगं असली तं मले घोर नाही."

माझे वडील ओट्यावरून उठले. मग आत वळून आईला म्हणाले, "आपल्या पोरीची पेटी काढ."