आईचं उलटं उतरणं

राई गावातलं आमचं शेत बिल्डरला दिलं तेव्हा त्याने विचारलं, "मालक, कुठला मजला देऊ?" मी म्हणालो, सगळ्यात वरचा. आमच्याच जमिनीवरच्या इमारतीत आम्ही खाली राहायचं आणि बाहेरून आलेल्यांनी डोक्यावर नांदायचं, हे मला खपणार नव्हतं. चार मजले, लिफ्ट नाही. आईला कुणी विचारलंच नाही. तिच्या आधीच्या घराला दोन पायऱ्या होत्या.

रोज संध्याकाळी खाली जायचं आणि गल्लीच्या टोकाला ओट्यावर जुन्या शेजारणींत बसायचं, एवढंच तिचं सुख होतं. तेवढ्यासाठी ती चार मजले उतरायची आणि चढायची. सत्तरी उलटली तशी गुडघे बोलू लागले. गंमत अशी, की चढताना ती थांबत थांबत का होईना, यायची. उतरताना मात्र रडकुंडीला यायची. मी खेकसायचो, "उतरायला काय लागतं गं? सोंगं नको करूस."

मग एक दिवस तिने आपणच उपाय काढला. कठडा दोन्ही हातांनी धरायचा, तोंड जिन्याकडे, पाठ उताराकडे, आणि एकेक पाऊल मागे टाकत उतरायचं. पूर्वी गोठ्याच्या माळ्यावरून पेंढा काढून शिडीने उतरायची ती अशीच. पंधरा दिवस ती मजेत खाली गेली.

सोसायटीचा सेक्रेटरी मी. एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरची बाई हसत म्हणाली, "अंकल, आपकी मम्मी रिवर्स में जा रही हैं." मागची दोघंतिघंही हसली. घरी येऊन मी आईला झापलं, "लोक हसतायत. उतरायचं तर माणसासारखं सरळ उतर." ती दोन दिवस सरळ उतरली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, आज कंटाळा आलाय. तो कंटाळा दोन वर्षं टिकला. मी म्हणायचो, वय झालं. वयावर ढकललं की आपल्याला काही लागत नाही.

या वर्षी माझाच उजवा गुडघा धरला. जवळच्या इंद्रलोक वस्तीत एक फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्या मुलीच्या वयाची. तिने मला खुर्चीवर बसवून समजावलं, "काका, चढताना मांडीचा स्नायू तुम्हाला वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात जात ब्रेक लावतो. वरच्या पायरीवरच्या पायाचा गुडघा वाकत जातो, सगळं वजन त्याच एका पायावर, आणि गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते, वजनाच्या कितीतरी पट. म्हणून उतरणं जास्त दुखतं." मग कागदावर रेघा मारत म्हणाली, "फारच दुखलं तर कठडा धरून उलटे उतरा. गुडघा पुढे झुकत नाही, वाटीवरचा दाब कमी होतो. आणि चालणं बंद करू नका. बसून राहिलात तर मांडी वाळते, मग काहीच जमत नाही."

फी देऊन मी हे ऐकलं. घरात फुकट होतं तेव्हा झापलं होतं.

आई खिडकीशी लसूण सोलत होती. मी सगळं सांगितलं. ती मान वर न करता म्हणाली, "मला ठाव व्हतं."

"मग थांबलीस कशाला?"

"तुजी मान खाली जात व्हती."

मला तिचा राग आला. माझा यायला हवा होता. मी म्हणालो, "चल, आत्ता चल, मी धरतो." तिला दारापर्यंत आणलं. तिने पाठ जिन्याच्या उताराकडे केली, कठडा धरला. गाऊनखालच्या पोटऱ्या काठीसारख्या झाल्या होत्या, ते मला तेव्हा दिसलं. तिने पाय उचलला आणि परत टेकला.

"आदी बगून ये," ती हळूच म्हणाली, "जिन्यात कोन हाय का."

असू दे कुणीही, बघू दे सगळ्यांना, एवढं म्हणायला हवं होतं. मी तिचा हात सोडला आणि बघायला गेलो. पहिल्या मजल्यापर्यंत जाऊन आलो. जिन्यात कुणी नव्हतं. वर आलो तर ती पहिल्याच पायरीवर बसली होती, दोन्ही हात मांड्यांवर दाबून, आणि मांड्या थरथरत होत्या.

"न्हाय रं जमत," ती म्हणाली. "आत ने मला."