फाटक्या कानाचा चितळ आणि आमची पिकप

अबुधाबीच्या वाळवंटात पहिल्यांदा चितळ पाहिलं तेव्हा माझ्या हातातला वेल्डिंगचा होल्डर बुटावर पडला. बुटाला जे भोक पडलं त्यातून पुढे कित्येक महिने मी रोज टोपलीभर वाळू ओतून काढत होतो. मुसफ्फ्याच्या, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या भागातल्या, वर्कशॉपने मला तिथे कुंपणाची जाळी जोडायला पाठवलं होतं. मला वाटलेलं, आत उंट असतील, फार तर बकऱ्या. आणि जाळीपलीकडे आमच्या भंडाऱ्याकडच्या जंगलातलं जनावर उभं! तेच पांढरे ठिपके, तेच "तू कोण बे?" असं बघणं. अरे बाप्पा! आमच्याकडे ह्याला खडा मारला तरी फॉरेस्टवाले घर विचारत येतात. इथे एका माणसाचा अख्खा कळप, स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या लायसनवर. थंडीत पाहुणे बोलवायचे आणि शिकार करायची.

त्या जमिनीचे मालक, ज्यांना आम्ही सगळे अरबाब म्हणायचो, काठी टेकत आले. मी आ वासून बघतोय हे बघून त्यांच्या हिंदीत विचारते झाले, "तुम इसको पहचानता?"

"अरबाब, हम तो बचपन में इनके साथ खेलता था," मी ठोकून दिलं.

खेळलो वगैरे नव्हतो. एकदा जंगलात आमनेसामने आलो होतो, आणि दोघांपैकी एकजण पळाला होता. कोण ते विचारू नका. पण अरबाबांनी कंपनीशी बोलून घेतलं. जाळीचं काम खलास झालं, बाकीचे वेल्डर मुसफ्फ्याला परतले, आणि मी हरणांचा साहेब होऊन बसलो.

जमीन एवढी लांब की ह्या टोकाला चहा पिऊन निघालं तर त्या टोकाला पोचेपर्यंत पुन्हा चहाची तलफ यायची. त्यात हरणांवर नजर कशी ठेवणार? पाणवठ्यावर कॅमेरे होते, पण त्यांत माझ्याच बुडाचे फोटो जास्त यायचे. जनावरं जवळ येतील तेव्हाच कळणार, कुणाच्या बरगड्या दिसतात, कोण गाभण आहे, कोण लंगडतंय, कुणाच्या कानातला बिल्ला पडलाय. म्हणून मी एक शक्कल काढली. माझ्याकडे वर्कशॉपमधून आलेली जुनी पिकप होती. मागे घेतली की ती बीप-बीप ओरडायची, सेफ्टीवाल्यांनीच तो रिव्हर्स हॉर्न बसवलेला. मी रोज एकाच जागी पिकप मागे घ्यायची आणि लसूणघासाच्या पेंढ्या खाली ढकलायच्या.

आठवडा गेला असेल नसेल. एका सकाळी बीप-बीप सुरू झालं आणि वाळूच्या टेकाडामागून सगळा कळप धावत आला. मी आरशात बघितलं आणि माझा पाय ब्रेकवरून निसटला. लग्नात जेवणाची पहिली पंगत धरायला धावतात ना, अगदी तसे!

आमचा स्वयंपाकी कुडाळकडचा. तो दारात उभा राहून ओरडला, "रे, तुझे सोयरे इले बघ!"

त्या सगळ्यांत पुढे एक म्हातारा नर असायचा. डावा कान मधोमध फाटलेला, आणि शिंगं अशी की त्यावर आमच्या कॅम्पातल्या सगळ्यांचे कपडे वाळत घालता आले असते. तो आधी पेंढीला तोंड लावायचा नाही. पिकपच्या खिडकीशी येऊन माझ्या कोपराला नाक लावायचा, मग जेवायला जायचा. मी त्याला रोज दोन शिव्या द्यायचो, आणि त्याच्याशिवाय मला सकाळ झाल्यासारखी वाटायची नाही.

पुढचा धक्का डॉक्टरने दिला. जनावरांचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, डॉक्टर महिन्याकाठी यायचा. ह्या वेळी त्याने हरणांकडे बघितलंच नाही, झाडांकडे बघितलं. घाफची झाडं होती ती, म्हणजे आपली शमीच. बघतो तर सगळ्यांचा खालचा पाला एका उंचीपर्यंत साफ, कुणी कात्रीने कापावा तसा. मान ताणून हरणाचं तोंड पोचेल तिथपर्यंत एक पान शिल्लक नाही. मी रोज त्याच झाडाखाली डबा खायचो, आणि मला कधी दिसलं नव्हतं.

"कळप जास्त झालाय," डॉक्टर म्हणाला. "कमी करा. सुरुवात म्हाताऱ्या नरांपासून."

अरबाबांनी मान हलवली आणि काठीने थेट माझ्याकडे दाखवलं. "मेरा दोस्त आता है जुम्मे को. बड़ा शिकारी. वो कान फटा वाला उसको देगा. तुम जानता है वो किदर रहता. तुम दिखाएगा."

दाखवायचा? मी? अरे, तो मलाच येऊन नाक लावतो! रात्री स्वयंपाक्याला सांगितलं तर तो माशाचे काटे काढत शांतपणे म्हणाला, "मग आता काय करतलस? नाय म्हणशील तर पुढच्या विमानान घरी." मला बोट दाखवायचं नव्हतं आणि घरीही जायचं नव्हतं. ह्या दोन्हीच्या मधे काही जागा असते का, ते मी शुक्रवारपर्यंत शोधत होतो.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर पाहुणे आले. माझ्या पिकपमध्ये पुढे अरबाब आणि पाहुणे, पाहुण्यांच्या मांडीवर बंदूक. ती एवढी लांब की तिचं तोंड खिडकीतून शारजापर्यंत गेलं असेल. मागे हौद्यात स्वयंपाकी, गावा ह्या अरबी कॉफीचा थर्मास आणि खजुराचं ताट सांभाळत. अरबाब कुजबुजले, "श्शू. चुप. आहिस्ता." वारा आमच्याकडे येत होता, लांब टेकाडावर म्हातारा एकटाच उभा होता, सगळं अगदी शिकारीजोगं जुळून आलेलं.

मला गाडी थोडी तिरकी लावायची होती. आणि वाळवंटात गाडी वळवायला जागा नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगतो. म्हणून मी रिव्हर्स टाकला.

बीप-बीप. बीप-बीप.

"क्या करता है!" अरबाब किंचाळले. तोवर जमीन हलायला लागली होती. टेकाडामागून, झाडांखालून, पाणवठ्यावरून, माद्या, पाडसं, लंगडी, गाभण, सगळा गोतावळा आमच्यावर चालून आला. पिकप चारी बाजूंनी गच्च. एका मादीने बंदुकीची नळी चाटून बघितली. हौद्यातून स्वयंपाक्याचा आवाज, "मेलंय रे! खजूर खातत माझे!"

आणि तो फाटक्या कानाचा आला. सवयीप्रमाणे खिडकीशी. पण माझ्या नव्हे, पाहुण्यांच्या खिडकीशी, कारण त्या बाजूने खजुराचा वास होता. पाहुण्यांच्या मुठीत कॉफीबरोबर घेतलेला एक खजूर तसाच राहिला होता. ह्याने मान आत घातली, शिंगं दाराला खाडकन आपटली, आणि तो खजूर त्यांच्या हातातून उचलून, बी मांडीवर थुंकून, तो मोकळा झाला.

पाहुणे आपल्या ओल्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी बंदुकीचा खटका बंद केला आणि अरबीत काहीतरी बोलले. अरबाबांनी मला ते हिंदीत सांगितलं, पण माझ्याकडे न बघता: "बोलता है, मेरे हाथ का खाया. अब मेहमान है. मेहमान को कैसे मारेगा?"

मला वाटलं, सुटलो! मी आणि म्हातारा, दोघेही. मी हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात पाहुणे त्याची मान कुरवाळत म्हणाले, "माशाल्ला, माशाल्ला." आणि अरबाबांनी छातीवर हात ठेवला, मलाही कळावं म्हणून पाहुण्यांना हिंदीतच म्हणाले, "पसंद आया? तुम्हारा है. ले जाओ."

माझं तोंड उघडंच राहिलं. पाहुण्याने वाखाणलेली वस्तू त्याला द्यायचीच, असा तिथला रिवाज; नाही म्हणायची कुणाची सोय नव्हती, ना देणाऱ्याची, ना घेणाऱ्याची. माझी तर नव्हतीच. पुढे हीच रीत पडली. आलेला प्रत्येक पाहुणा जिवंत हरणाची जोडी घेऊन जायला लागला, आणि घाफला खालून पुन्हा पाला फुटला. डॉक्टर म्हणतो, असा इलाज त्याच्या कुठल्याच पुस्तकात नाही.

पण ते नंतर. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा ट्रक आला, ड्रायव्हर पठाण. जाळी, दोर, चार माणसं, भुलीचं इंजेक्शन, सगळी तयारी. पठाणाने ट्रक फळी लावायला मागे घेतला. त्याचाही हॉर्न तसाच होता. बीप-बीप.

अनोळखी ट्रक बघून बाकीचा कळप टेकाडावरच थबकला; म्हातारा एकटाच आला. दोर लागला नाही, सुई लागली नाही. माझ्या कोपराला नाक लावलं आणि स्वतःच्या पायांनी फळीवरून वर चढून गेला. आत जाऊन वळला आणि जेवण कुठाय म्हणून माझ्याकडे बघायला लागला. माझे हात रिकामे होते. मी धावत जाऊन पेंढी आणली, एक नाही, उचलता आल्या तेवढ्या, आणि त्याच्या पुढ्यात टाकल्या.

"उधर भी गाड़ी रिवर्स लेगा?" मी पठाणाला विचारलं.

"लेना पड़ेगा ना, भाई. उतारेगा कैसे?"

"ले. लेकिन पहले घास डाल, फिर रिवर्स ले. ये आवाज सुनके इसको आज तक कभी खाली मुँह नहीं जाना पड़ा."

पठाणाने माझ्याकडे, वेड्याकडे बघावं तसं बघितलं. मग खाली वाकून दोन पेंढ्या उचलल्या आणि आपल्या शेजारच्या सीटवर ठेवल्या.