मागच्यांसाठी फांदी

त्या सकाळी मी बूट घासत होतो, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

ऐंशीच्या दशकातला एक डिसेंबर. कॉलेजातल्या कॅडेटांचं दहा दिवसांचं शिबिर आलापल्लीच्या सागवानात लागलं होतं. मी वरोऱ्याहून आलो होतो. आमच्या घरात सैन्यातला अधिकारी सोडाच, साधा शिपाईसुद्धा कुणी झाला नव्हता. बाबा जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलायचे आणि आई मोहल्ल्यातल्या बायांना सांगून बसली होती, "माहा पोरगा साहेब होऊन राह्यला." अजून काहीच झालं नव्हतं, पण आईचं तोंड कोण धरणार?

साहेब होण्याचा रस्ता मात्र अरुंद होता. अधिकारी निवडीच्या मुलाखतीआधी नागपूरला एक तयारीचं शिबिर व्हायचं. तिथे आमच्यातून एकच नाव जाणार होतं, आणि ते लिहिणार होते आमचे सुभेदारसाहेब. साताऱ्याकडचे, मिशा पांढऱ्या, आवाज असा की पाखरं उडायची. शेवटची परीक्षा त्यांनी मला दिली होती. तीस पोरं घेऊन जंगलातल्या पायवाटेनं सोळा किलोमीटर जायचं, नदीकाठी मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. वीस जण माझ्यासोबत पुढे. दहा जण अर्ध्या तासानं मागून, सैपाकाचे गंज, म्हणजे मोठाली पातेली, आणि शिधा घेऊन. त्यांचा म्होरक्या होता चंद्रपूरच्या एका खानावळवाल्याचा गोलमटोल मुलगा. माझ्या मते तो फक्त फोडणी द्यायला लायक होता.

वाट दाखवायला जवळच्या गावातला एक वयस्क गोंड माणूस होता. आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणत होतो. निघण्यापूर्वी त्यानं सगळ्यांना गोळा करून काहीतरी समजावलं. मी तेव्हा तंबूमागे बुटात तोंड दिसेपर्यंत पॉलिश घासत होतो. म्होरक्यानं कसं झळकलं पाहिजे!

वाटेत मला भाऊचं एक वागणं खटकलं. जिथे वाट फुटायची तिथे तो ऐनाच्या झाडाची एक पानाळ फांदी मोडायचा, एका वाटेवर आडवी टाकायचा आणि दुसरीनं चालू लागायचा. आता, आदल्या दिवशीच सुभेदारसाहेबांनी दम भरला होता, की आपण गेल्यावर मागे कागदाचा कपटासुद्धा दिसता कामा नये. मला वाटलं, हा माणूस आपली शिस्त घाण करून राहिला आहे. आणि विचारायचं कशाला? मी लीडर होतो. रांगेच्या शेवटच्या दोन कॅडेटांना मी हुकूम दिला, "रस्त्यात पडलेल्या सगळ्या फांद्या उचलून झुडपात टाका." त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, "जी सर" म्हणाले आणि कामाला लागले. भाऊ पुढे होता, त्याला मागचं काही दिसलं नाही. नऊ ठिकाणी मी जंगल स्वच्छ केलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

नदीवर आम्ही वेळेत पोचलो. सुभेदारसाहेब जीपनं आधीच येऊन बसले होते. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. मागची तुकडी नाही. पोटात कावळे ओरडायला लागले. भाऊ उठून थोडं मागे जाऊन पाहून आला आणि त्यानं आमच्याकडे रोखून पाहिलं.

"फांद्या कोनं उचलल्या? सकाळीच त सांगतलं होतं सगळ्याईले. फांदी आडवी दिसली का तिकडे जाचं नाई."

मी माझ्या चकचकीत बुटांकडे पाहिलं. सुभेदारसाहेबांनी तोच प्रश्न मोठ्या आवाजात विचारला. मग ती शेवटची दोन पोरं उभी राहिली. "आम्ही उचलल्या, सर." बस, एवढंच. कुणाच्या सांगण्यावरून, ते त्यांनी सांगितलं नाही. आणि मी? खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. नागपूर दिसलं, आईचा चेहरा दिसला. मग त्या दोघांचे कान लाल झालेले दिसले आणि माझी मलाच इतकी लाज वाटली की मी जवळजवळ ओरडलोच, "सर, हुकूम माझा होता! त्यांनी फक्त पाळला."

सुभेदारसाहेब मिशीवरून हात फिरवत राहिले. "मग आता जा," ते म्हणाले, "आणि घेऊन ये."

भाऊ आणि मी उलट निघालो. चौथ्या फाट्यावर त्यानं वाकून बुटांचे ठसे पाहिले आणि हसू लागला. "तुहे लोक आमच्या सोयऱ्याच्या गावात गेले."

गावात पोचलो तर काय पाहावं! आमच्या गंजात खिचडी शिजत होती आणि पळी एका म्हातारीच्या हातात होती. आमची पोरं ढवळतात ते तिला पाहवलं नाही म्हणे. शेजारी अंबाडीची भाजी. पोरं गावातल्या लेकरांना परेड शिकवत होती आणि लेकरं परेड करता करता नाचत होती. खानावळवाल्याचा मुलगा धावत आला. "यार, रस्ता चुकला तवा म्या म्हटलं, धा जन एका जागी राहू. कोनी तरी येईनच. मंग तुमची खिचडीबी टाकून ठेवली." एकालाही त्यानं वाट शोधायला एकटं जाऊ दिलं नव्हतं. मी त्याला मिठी मारली. त्याच्या अंगाला हळदीचा वास येत होता.

गावातले चार जण गंज उचलायला सोबत आले. दिवस मावळायच्या आत नदीवर पंगत बसली. मी सगळ्यांना वाढलं आणि शेवटी गंजाच्या बुडाची खरवड घेऊन बसलो. शेजारी भाऊ, त्याचंही पान रिकामं. वाट दाखवणाऱ्यानं मागचा शेवटचा माणूस जेवल्यावर जेवायचं, अशी त्याच्या गावची रीत होती. खरवड आम्ही दोघांनी वाटून खाल्ली. तशी चव पुन्हा कुठल्या मेसमध्ये लागली नाही.

दुसऱ्या दिवशी परतीचा रस्ता. सुभेदारसाहेब म्हणाले, "आज फांद्या तू टाकायच्या. भाऊ मागच्या तुकडीत." मी खूश! प्रत्येक फाट्यावर नीट आठवून फांदी टाकत गेलो. एका मोहाच्या झाडापाशी मी डावी वाट बंद केली आणि उजवीनं निघालो. बऱ्याच वेळानं समोर बोडी आली, ते छोटं तळं आदल्या दिवशी कुठे लागलंच नव्हतं. म्हणजे मोह दोन होते आणि मी भलत्याच मोहाला कालचा समजलो होतो. वळसा घालून पोचता येत होतं, फक्त एक तास जास्त. माणूस मागे पाठवून फांदी बदलायला हवी होती. पण मी म्हटलं, मागे भाऊ आहे, त्याला सारं जंगल पाठ आहे, तो येईल सरळ वाटेनं. आमच्या आधीच चहा पीत बसलेला असेल.

आम्ही छावणीवर पोचलो. मागची तुकडी नव्हती. पाऊण तासानं आली, सगळ्यांचे केस ओले. बोडीत आंघोळी करून, बोरं खात, गाणी म्हणत आली होती. मी भाऊकडे धावलो.

"भाऊ, तुमाले त माहीत होतं! तिकडून काऊन आले?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी वेडगळ प्रश्न विचारला होता. "तू फांदी टाकली होती ना. मांगच्यानं फांदी पाहाव, आपली अक्कल नाई चालवाव. म्या ती फांदी वलांडून गेलो असतो त उद्या हे पोरं कोनाचीच फांदी मानले नसते."

मी तसाच वळलो आणि सुभेदारसाहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. सगळं सांगितलं. मोह, बोडी, कळल्यावरही माणूस मागे न पाठवणं. तीस जणांची माझ्यामुळे एक तासाची पायपीट.

"काल दोन पोरं उभी राहीपर्यंत तुझं तोंड उघडलं नव्हतं," ते म्हणाले. "आज बूटसुद्धा काढले नाहीस." माझे बूट चिखलानं इतके माखले होते की काल घासलेलं पॉलिश आठवून मलाच हसू आलं. मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर माझं नाव होतं. "कालच लिहिलं होतं. आज खोडावं का, ते बघत होतो. नाही खोडत."

मी नाचायचाच बाकी होतो. खानावळवाल्याच्या मुलानं मला उचलून दोन गिरक्या घेतल्या. त्या आनंदात मी भाऊला शोधलं. तो चुलीपाशी चहा घेत होता. मी त्याला सांगितलं, की मी साहेब व्हायला चाललो आहे, माझं नाव चाललं आहे.

त्यानं सरकून मला जागा करून दिली, आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढे केला. "बेस झालं," तो म्हणाला. "मंग आता फांदी सोच करून टाकजो बाप्पा. आता तुह्या मांगं लई लोक येतीन."