आप्पांची गोळी खरी की खोटी

साखरेच्या दवाखान्यात बाकावर बसणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग डबा खायचा, मग दोन तास बसून पुन्हा रक्त द्यायचं. तेवढ्या वेळात माणूस बोलणार नाही तर करणार काय? मला रोज चार ओळी लिहून ठेवायची सवय आहे. दवाखान्याच्या दिवशी मात्र पानं भरायची, आणि त्यातली निम्मी एकट्या आप्पांची असायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशकात द्वारका चौकाजवळ पहिल्या मजल्यावर आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. मधुमेहावरच्या एका नव्या गोळीचा अभ्यास त्यांच्याकडे चालू होता आणि आम्ही त्यातले पेशंट. मी जवळच्याच स्पेअर पार्टच्या दुकानात हिशेब बघायचो. देवरेबाई इंदिरानगरच्या, शाळेत गणित शिकवायच्या. आप्पा घोटीचे, भाताच्या गिरणीचे मालक.

पहिल्या दिवशी मॅडमनी सगळं नीट समजावलं. आधीच्या गोळ्या प्रत्येकाने चालू ठेवायच्या, वर ही एक नवी घ्यायची. निम्म्या लोकांच्या गोळीत औषध असेल, निम्म्यांच्या गोळीत नुसतं पीठ. दिसायला दोन्ही सारख्याच. कुणाला कोणती मिळाली, ते अभ्यास संपेपर्यंत कळणार नाही.

"तुमाला बी नाय?" आप्पांनी विचारलं.

"मलाही नाही."

"मग ठाव कुनाला?"

"कंपनीच्या कॉम्प्युटरला."

"मग इचारा ना त्याला. तो काय जेवाया गेलाय?"

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांच्या थोरल्या भावाचा पाय साखरेपायी गुडघ्याखालून काढावा लागला होता, आणि आता आप्पांचा डावा तळवा बधिर व्हायला लागला होता. सही करता करता ते म्हणाले, "मॅडम, मला पाय वाचवायचाय. पीठ काय, घरी लय हाय."

*

त्या दिवसापासून आप्पा बाकावर कधी टेकून बसले नाहीत. खिडकीपाशी जायचे, परत यायचे, माझ्या हातातली बाटली घेऊन स्वतःच्या बाटलीशेजारी धरायचे.

एकदा त्यांनी मला विचारलं, "भाऊ, तुमची जिभेवर ठेवल्यावर कशी लागते?"

"कडवट."

"माझी पन कडवट. म्हंजे दोघांची खरी, नायतर दोघांची खोटी."

पुढच्या वेळी ते नवीन शोध घेऊन आले. घरी एक गोळी कुटून मुंग्यांच्या वारुळापाशी ठेवली होती. मुंग्या आल्या तर पीठ, नाही आल्या तर औषध, असा हिशेब.

"मग?" देवरेबाईंनी विचारलं.

"आल्या. गोल फिरल्या. आनि तशाच निघून गेल्या." आप्पा हताश होऊन बसले. "कंपनीनं मुंग्यास्नी बी कायतरी सांगून ठिवलंय."

*

दर वेळी पायाची तपासणी व्हायची. डोळे मिटायचे, मॅडम नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवायच्या, आणि जाणवला की "लागलं" म्हणायचं. साधी परीक्षा, पण आप्पांना तिचीच सगळ्यात जास्त धास्ती होती.

पडद्याआडून आम्हाला ऐकू यायचं. "लागलं. लागलं. हां, लागलं. लागलं."

एकदा आवाज थांबला. मग मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आप्पा, मी फोनवर बोलत होते. दोरा टेबलावर आहे."

आप्पा बाहेर आले ते घाम पुसत. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पास व्हायची सवय हो. शाळंत बी असंच केलं."

*

गणिताच्या बाई म्हणून देवरेबाईंकडून आम्हाला शहाणपणाची अपेक्षा होती. पण न कळण्याने त्यांचीही झोप उडाली होती. नव्या बाटल्या मिळाल्या त्या दिवशी मी हात धुऊन आलो, तर बाई आणि आप्पा एका स्टीलच्या डब्यावर वाकले होते. दोन्ही बाटल्या डब्यात ओतून झाल्या होत्या आणि आप्पा डबा हलवत होते.

"हे काय चाललंय?"

"वाटणी," बाई म्हणाल्या. "एकाला पूर्ण औषध आणि दुसऱ्याला काहीच नाही, हे मला पटत नाही. मिसळून अर्ध्या अर्ध्या घेतल्या की दोघांनाही काहीतरी मिळेल."

"आणि दोघांचीही खोटी असली तर?"

आप्पा डबा माझ्यापुढे करत म्हणाले, "म्हनून तर तुमची वाट बघत होतो. ओता."

माझा हात खिशातल्या बाटलीकडे गेला होता, हे मी इथे लिहून ठेवतो. तेवढ्यात दवाखान्यातल्या सुनंदा सिस्टर आल्या. त्यांनी डबा काढून घेतला, झाकण लावलं आणि आत नेला. मॅडमनी दोघांना बोलावून घेतलं.

"या गोळ्या आता कुणीच घ्यायच्या नाहीत. नव्या मागवते. पुन्हा असं झालं तर दोघांनाही अभ्यासातून काढावं लागेल. अशाने मी निकाल काय लिहू?"

"अर्धा गुन, अर्धा नाय, असं लिवा," आप्पा म्हणाले.

*

अभ्यासाचे कागद तपासायला मुंबईहून कंपनीचे एक साहेब यायचे. टाय, ब्रीफकेस, हळू आवाज. आप्पांनी त्यांना खाली चहाच्या टपरीवर गाठलं. सोबत घोटीच्या तांदळाची पिशवी होती. मी मागेच उभा होतो.

"सायेब, बोलू नका. नुसती मान हलवा. खरी का खोटी?"

"मला खरंच माहीत नाही, काका. आणि हा तांदूळ मला घेता येणार नाही." साहेबांनी चहा अर्धा टाकला आणि रिक्षात बसले.

आप्पांनी पिशवी खांद्याला लावली.

"ठरलं. खोटी हाय."

"ते कसं?"

"खरी असती तर तांदूळ घेतला असता. पीठ देनाऱ्याला तांदूळ घ्यायची लाज वाटली."

*

दिवाळी झाली आणि नवं भात गिरणीवर यायला लागलं. त्या गडबडीत आप्पांच्या चपलेत खिळा घुसला. ते तसेच दिवसभर फिरले. त्यांना कळलंच नाही. घरातल्या फरशीवर लाल ठसे बघून त्यांच्या बायकोने, सगुणाबाईंनी, त्यांना पहिल्या गाडीने नाशकात आणलं. आमचाही तपासणीचा दिवस होता, सगुणाबाईंना आम्ही तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. बारीक चणीच्या, पदर खोचलेला, आणि नजर नवऱ्याच्या पायावरून हलत नव्हती.

मॅडमनी जखम साफ केली, पट्टी बांधली. आप्पांचा चेहरा पांढरा पडला होता. भावाचंही असंच खिळ्यानं सुरू झालं होतं.

"मॅडम, आता तरी सांगा," आप्पा म्हणाले. "पाय चाललाय माझा."

"जखमेला उपचार दोन्हीत सारखेच. सांगून त्यात काही बदलणार नाही. आणि सांगितलं तर तुम्ही अभ्यासातून बाहेर."

"झालो बाहेर."

"थांबा की जरा," सगुणाबाई म्हणाल्या. "डॉक्टरबाई, ह्यांची साखर कमी व्हाया दुसरं काय करायचं असतं?"

मॅडमनी सांगितलं. चालणं, पण जखम भरल्यावर. चहातली साखर बंद. भात कमी. रोज तळवा आरशात बघायचा.

"गिरनीवाल्याला भात कमी?" आप्पा कळवळले.

"तुमीच म्हनता ना, गोळी खोटी हाय? मग खोटी हाय असं धरूनच चालायचं," सगुणाबाई म्हणाल्या. "उद्या खरी निघाली तर तेवढाच नफा."

*

अभ्यास संपला. कंपनीकडून उत्तर आलं आणि मॅडमनी आम्हाला एकेकाला आत बोलावलं.

देवरेबाईंची गोळी खरी निघाली. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "तरी साखर एवढीच उतरली?" आणि चिडून पर्स आवरू लागल्या. माझी खोटी निघाली. इतके महिने जेवणानंतर, घड्याळ बघून, न चुकता मी पीठ खाल्लं होतं.

मग आप्पा. जखम पूर्ण भरली होती. साखर आमच्या सगळ्यांपेक्षा खाली आली होती. आत जाताना त्यांनी दार लावलं नाही.

"आप्पा, सांगू?" मॅडमनी विचारलं.

एवढे दिवस ज्यांनी सगळ्यांना भंडावून सोडलं होतं, ते आप्पा हातातली टोपी गोल गोल फिरवत राहिले.

"खरी असली तर उद्यापासून मिळंल का?"

"नाही. बाजारात यायला अजून वेळ आहे."

"आनि खोटी असली तर?"

"पीठ काय, घरी आहेच की."

आप्पा उठले आणि दारापाशी उभ्या असलेल्या सगुणाबाईंना म्हणाले, "तू जा. तू ऐक."

आप्पा बाहेर आले, सगुणाबाई आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. आम्ही सगळे दाराकडे बघत होतो, फक्त आप्पा खिडकीकडे. थोड्या वेळाने सगुणाबाई बाहेर आल्या. चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी कोपऱ्यातल्या चपला उचलल्या, दोन्ही उलट्या करून झटकल्या, आत हात फिरवून बघितला आणि आप्पांच्या पायाशी ठेवल्या.

"मला सांगू नको," आप्पा म्हणाले.

"कोन सांगतंय? चला, गाडी चुकंल. आनि स्टँडपत्तुर चालत जायचंय."

दोघं निघाले. जिन्याच्या तोंडाशी आप्पा थबकले.

"अगं, तुला बरं वाटलं का वाईट, तेवढं तरी सांग."

"पाय बघून टाका," सगुणाबाई म्हणाल्या. "पायरी तुटकी हाय."