मामांचा बिनबोलाचा शॉट

माझ्या मामांना गप्प बसवील असा माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात नाही, आणि नेमकं तेच काम मी अंगावर घेतलं होतं! मामा दशावतारात बायकांची कामं करतात. चाळीस वर्षं जत्रा आली की मामा राणी. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. कथा तेवढी ठरते, बोलणं रंगमंचावर सुचेल तसं. मामांना सुचायचं थांबतच नाही. वांग्यांचा भाव करतानासुद्धा त्यांचा हात नसलेल्या पदराकडे जातो. एकदा बँकेतल्या साहेबाने "सही इथे करा" म्हटल्यावर ते कमरेत लवून "आज्ञा, महाराज!" म्हणाले, तो साहेब दिवसभर ताठ बसून होता.

माझी एक कविता होती. बंदरावर नवऱ्याच्या होडीची वाट बघत बसलेल्या बाईची. तिच्यावर कॉलेजच्या परीक्षेसाठी पाच मिनिटांची फिल्म करायची होती. बाई कोण होणार म्हणताच मामा लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून हजर!

"मामा, फक्त बघायचं. एक शब्द नाही."

"बाई गप रवली तर लोकांका कळतला कसा गो?"

पहिल्या संध्याकाळी वेंगुर्ल्याच्या बंदरावर मी 'ॲक्शन' म्हणाले मात्र, मामांनी समुद्राकडे हात फेकला, "हे निर्दय सागरा, कुठे लपवलास माझा प्राणनाथ?" वीस मिनिटं! मासे उतरवणारे टोपल्या टाकून खाली बसले, टाळ्या पडल्या. होड्या लागल्या, उजेड गेला, शॉट गेला. कॅमेरा परत करायला एकच दिवस उरला होता. मला रडूच कोसळलं.

"उगी रव गो," मामा वरमून म्हणाले. "उद्या तोंड उघडूचंय नाय."

आणि खरंच नाही उघडलं! होड्या एकेक येत होत्या, मी श्वास रोखून कॅमेऱ्यामागे. एकदा ओठ हलले. पण मामांनी ते मिटले. शेवटची होडी लागली, माणसं पांगली. मिळाला शॉट! मी वाळूत नाचायला लागले. मामा मात्र उठेनात.

"तुझी मामी दारात अशीच बसता," ते म्हणाले. "मी घराक जातंय नि नाटक कसा रंगला ताच सांगत रवतंय. तिका कधी काय इचारलंयच नाय."

एरवी ते चहाच्या टपरीवर तासभर रंगले असते. त्या दिवशी रंग न पुसता, लुगड्यातच घरी गेले. कॅमेऱ्याची पिशवी घेऊन मी मागोमाग पोचले, तर दोघं पायरीवर बसलेली. मामी सांगत होती, "तुमी जत्रेक गेल्यार दोन-चार दिस माझो हात दोघांचेच तांदूळ घेता."

मामा ऐकत होते. मला फार बरं वाटलं, आणि उगीचच वाईटही.